वाजवून घेतलेली वीट

आमच्या आतेदिरांना आयुष्यात एकदाही कुणाच्या घरात सरळ आत शिरता आलेलं नाही. दार उघडं असो, यजमान उंबऱ्यात हात जोडून उभे असोत, पावसाची सर पाठीवर येत असो. भावजी आधी बाजूच्या भिंतीपाशी जाणार, मधलं बोट वाकवून तीनदा टकटक करणार, आणि मग तळहात भिंतीला लावून डोळे मिटून उभे राहणार. आतली माणसं 'या, या' म्हणून दमतात. गॅसवरचा चहा उकळून अर्धा होतो. बऱ्याच वेळानं भावजी डोळे उघडतात, "घट हाय, काळजी न्हाई" किंवा "खालच्या अंगानं पोकळ हाय, बगून घ्या" असा निकाल देतात आणि मग चपला काढतात. एकदा भिंगारमध्ये एका मयताच्या घरी आम्ही बरोबर गेलो होतो. तिथंही यांनी भिंतीवर टकटक सुरू केली तेव्हा मी दंडाला धरून म्हटलं, "अहो भावजी, निदान इथं तरी नको!" तर शांतपणे म्हणाले, "जानारा गेला, वहिनी. भितीत ऱ्हानारे हायेत की आजून." कप्पाळ माझं!

नातं सांगायचं तर हे आमच्या मालकांचे सख्खे आतेभाऊ, त्यांच्याहून तीन वर्षांनी धाकटे. म्हणून मी वहिनी आणि ते भावजी. त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्याचसाठी मुलगी पाहायला आम्ही राहात्याकडं गेलो तेव्हा. मी नवी सून, मोठ्या हौसेनं मुलीला चार प्रश्न विचारले, पोहे खाल्ले, मुलीनं खाली मान घालून सही करून दाखवली. नवरामुलगा कुठाय म्हणून बघते तर हा गृहस्थ खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला हात लावून उभा. बाहेर पडल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय रे, पसंत आहे का?" तर म्हणाले, "लई ग्वाड वाजती. आसली वीट आता मिळायची न्हाई." लग्न झालं. आमच्या जाऊबाई तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक लग्नकार्यात हा किस्सा सांगतात आणि शेवटी म्हणतात, "मी दुसऱ्या पसंतीची. पहिली आमची भित." पण हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जी लाली येते ती मी नीट पाहिलेली आहे.

भावजींचा हा नाद नोकरीतून आलेला की नोकरी नादातून आलेली, हे आम्हा कुणाला कधी कळलं नाही. नोकरी रेल्वेतली, मनमाडला. गाडी येऊन उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जायचं. चाक धड असलं तर घंटेसारखं वाजतं, चीर गेलेली असली तर आवाज बद्द येतो. सगळी नोकरी या एका फरकावर झाली. हजारो माणसं त्या गाड्यांतून डबे खात, भांडत, झोपा काढत गेली, आणि खाली एक माणूस आपल्यासाठी कान देऊन उभा आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. भावजी ठोकता ठोकता दुसरा हात चाकावर ठेवत. "आवाज विरला तरी थरथर ऱ्हाती वहिनी," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "कान येकांदे वेळी फशिवतो. हात न्हाई फशिवत." मी गणिताची मास्तरीण, मला ज्याचं उत्तर आकड्यात येत नाही ते सगळं थोतांड वाटतं. मी हो हो म्हटलं आणि विसरून गेले.

मुदतीआधीच नोकरी सोडून पुणतांब्याला परत आल्यावर या कानाचं करायचं काय, हा प्रश्न पडला. सुरुवातीला तो बाजारात वापरून पाहिला. काष्टीच्या आठवडे बाजारात आमच्याबरोबर माठ घ्यायला आले आणि एकेक माठ उचलून, कानाशी धरून टिचकी मारत निघाले. चाळिसावा माठ झाला तेव्हा कुंभारीण म्हणाली, "आवो दादा, माठ घ्यायचा हाय का तबला शिकायचाय?" भावजी हसले आणि एकेचाळिसावा उचलला. तो माठ आजही आमच्याकडं आहे, पाणी असं गार करतो की दात शिवशिवतात. ते कलिंगडाला टिचकी मारत, नारळाला मारत, एकदा तर आमच्या मालकांच्या टकलावरही मारली आणि गंभीर चेहऱ्यानं "पिकलंय" म्हणाले. पण त्यांचा जीव खरा लागला तो विटेत. पंचक्रोशीत कुणाचं घर निघालं की माणूस आधी भावजींकडं यायला लागला. 'विटा पाहायला चला' असं म्हणायचा, मुलगी पाहायला चला म्हणतात त्याच चालीवर.

आणि भावजींचा थाटही तसाच असे. धुतलेला सदरा, खांद्यावर पंचा, स्कूटरच्या पुढच्या हुकाला पिशवी. पिशवीत एक लांब खिळा, वजनाचा ताणकाटा, ती रेल्वेतल्यासारखीच पण आखूड दांड्याची हातोडी, आणि एका मऊ टॉवेलात गुंडाळलेली एक वीट. ही वीट जाऊबाईंच्या माहेरच्या त्या भिंतीतली. मेहुण्यांनी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं तेव्हा भावजी स्वतः जाऊन ढिगातून निवडून घेऊन आले. जाऊबाई म्हणतात, "माहेरचं मला काय आलं? येक वीट. ती पन यांनी घेतली." भावजी तिला माहेरवाशीण म्हणतात. भट्टीवर गेलं की आधी तिला डाव्या हाताच्या पाच बोटांवर अल्लद तोलायचं, हातोडीनं एकच टोला द्यायचा आणि तिचा सूर कानात भरून घ्यायचा. मग बाकीच्यांची परीक्षा. कोपरे बघायचे, खिळ्यानं ओरखडा काढायचा, छातीएवढ्या उंचीवरून एक खाली सोडायची, एक वजन करून रात्रभर बादलीत बुडवायची आणि सकाळी किती पाणी प्यायली ते पाहायचं. शेवटी टोला. बाकी सगळ्यात पास झालेली वीट टोल्यात नापास झाली की संपलं. भट्टीवाला फारच कुरकुर करायला लागला की भावजी म्हणत, "पुंडलिकानं वीट फेकली, ती फुटली का? न्हाई ना. म्हंजी तपासलेली हुती. म्हून देव इतका येळ हुबा ऱ्हायला."

पण खरी गंमत या तपासणीत नव्हतीच. भट्टीवर गेलं की भावजींना तंद्री लागायची. माघाचं कोवळं ऊन, रचलेल्या भट्टीच्या माथ्यावरून निघणारा बारीक धूर, लांबवर उसाला आलेले पांढरे तुरे, आणि हे आपले विटेवर हात ठेवून बसलेले. मग आपल्याशीच बोलावं तसं बोलायला लागत. ही गाळाची वीट हाय, हिनं पूर बगितलाय. हिच्यात उसाचं पाचट जळलंय, म्हून रंग आसा गुलाबी. ही भट्टीच्या कडंला हुती, हिला नीट ऊब लागली न्हाई बिचारीला. हिच्यावर कुत्र्याचं पाऊल उमटलंय, वाळत घातली हुती तवा पळालं आसंल. माणसं घाईची असत, घड्याळं बघत. पण थोड्या वेळानं तीही गप्प होऊन ऐकत बसत. मी फटकळ बाई, मला बसून राहणं ठाऊक नाही. तरी मलाही एकदा त्यांच्याजवळ बसल्या बसल्या असं वाटून गेलं होतं की ढिगातल्या सगळ्या विटा आपापलं घर कसलं असेल याचा विचार करत पडल्या आहेत.

तर अशा माणसाच्या हाती आम्ही आमचं घर दिलं. आमचे मालक लष्कराच्या भांडारात कारकून होते. तीस वर्षं भिंगारच्या क्वार्टरमध्ये काढली. भिंतीत खिळा ठोकायचा तर अर्ज करावा लागे, त्यामुळं तीस वर्षांत माझं एक कॅलेंडर धड टांगलं गेलं नाही. निवृत्तीनंतर मुदत वाढवून वाढवून मिळाली ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. त्यानंतर क्वार्टर रिकामा करून द्यायचा, सबब चालणार नाही, असं लेखी आलं. भिंगारबाहेर घेतलेल्या प्लॉटवर दिवाळीपर्यंत जोतं तयार झालं. गवंडी दोरी ओळंबा घेऊन हजर. आता फक्त विटा आल्या की भिंती चढवायच्या. मी भावजींना फोन केला, ते दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात. म्हणजे दारात नव्हे, क्वार्टरच्या भिंतीपाशी.

पहिली भट्टी भिंगारपासून जवळच. विटा लालबुंद, कोपरे चाकूनं कापल्यासारखे. भावजींनी टोला दिला, थोडा वेळ कान दिला आणि वीट खाली ठेवली. "बद्द हाय." दुसरी घेतली. "बद्द." भट्टीवाला खवळला. "काका, ही वीट दोन तालुक्यांत जाती!" "जाऊ द्या की," भावजी म्हणाले, "आमच्यात नको." मला आपलं वाटलं की वीट बरी वाजली होती, पण मी पडले गणितवाली, या कानापुढं माझ्या कानाची काय मातब्बरी? आठवड्यानं काष्टीकडच्या भट्टीवर गेलो. तिथंही तेच. भावजींनी वीस विटा वाजवल्या, वीसही बद्द. मालकांनी हळूच मला विचारलं, "याच्या मनात आहे तरी काय?" परत येईपर्यंत मालकांच्या स्कूटरवर मी एक शब्द बोलले नाही, आणि मी गप्प बसणं ही आमच्या घरात वादळाची खूण समजतात.

इकडं जोत्यावर कुत्री उन्हाला येऊन झोपायला लागली होती. गवंडी रोज येई, बिडी ओढी आणि 'बाई, मी दुसरं काम धरू का?' असं विचारून जाई. मार्गशीर्ष गेला, पौष लागला. आणि मग माझी जीभ सुटली. भावजी क्वार्टरमध्ये जेवायला बसले होते, पानावरच सुनावलं. "भावजी, तुम्हाला वीट हवीय की जावई? अहो, मला दोन खोल्या बांधायच्यात, मला काय देऊळ उभारायचंय? अक्षय्य तृतीयेला आम्ही भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर बसलो म्हणजे तुमचे कान निवतील का?" बोलायला नको होतं ते बोलून गेले. भावजींनी नेहमीसारखं हसून सोडून दिलं असतं तर मी आणखी चार शब्द बोलले असते. पण ते हसले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात घेऊन पानाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "येक डाव माज्या गावच्या भट्टीवर चला. तिथं न्हाई जमलं तर मग कुठलीबी घ्या. मला इचारूच नका."

आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. भावजी अलीकडं मोठ्यानं बोलत. आम्ही म्हणायचो, पेन्शन लागल्यावर आवाज फुटला. टीव्ही असा लावत की शेजारची म्हातारी आपल्या ओट्यावर बसून मालिका ऐके. हाक मारली तर ओ देत नसत; पण ते चाळीस वर्षांत कधी पहिल्या हाकेला ओ देत होते? तंद्रीत असलेल्या माणसाचं हेच असतं. काय गेलं आणि काय मुळातच नव्हतं, हे कळायला जागा राहत नाही.

पुणतांब्याची भट्टी गोदावरीच्या कडेला. आम्ही दोघंच गेलो. मालक गवंड्याला धरून ठेवायला मागं थांबले. दुपार कलती होती. नदीचं पाणी इतकं संथ की वाहतंय की नाही तेच कळू नये. पलीकडच्या काठावर कुणी तरी म्हैस धूत होतं. हवा अशी कोरडी होती की माझे ओठ फुटले होते. विटा वाहणाऱ्या दोन बाया सावलीला टेकल्या होत्या, त्यांचं गाढव धूळ हुंगत उभं. भावजी ढिगापाशी बसले, टॉवेल सोडला, माहेरवाशीण डाव्या हाताच्या बोटांवर तोलली आणि टोला दिला.

काय वाजली म्हणून सांगू! टण्णदिशी आवाज निघाला तो पाण्यावरून पार पलीकडं गेला. सावलीतल्या बायांनी बोलणं थांबवून इकडं पाहिलं. गाढवानं कान टवकारले. मी इतक्या वर्षांत ती वीट नीट ऐकलीच नव्हती. आणि भावजी? भावजींच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी पुन्हा टोला दिला, जरा जोरात. मग वीट कानाशी नेऊन तिसरा. मग वीट मांडीवर घेतली, तिच्यावरून हात फिरवला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "हवा दमट हाय. हिला बी पानी लागलं वाटतं."

मला सगळं एकदम कळलं. विटा बद्द नव्हत्या. भिंगारची नव्हती, काष्टीची नव्हती. आणि हा माणूस दोन महिने एकेका भट्टीवर जाऊन वीट नव्हता शोधत, आपला आवाज शोधत होता. कुठल्या तरी विटेतून तो परत येईल म्हणून. आणि मी त्याला भरल्या पानावर बोलले होते. माझीच मला इतकी लाज वाटली की मी उठून उगीच नदीकडं तोंड करून उभी राहिले.

पण मास्तरीण ती मास्तरीण. मुलाला गणित येत नसेल तर दुसऱ्या रीतीनं सोडवून घ्यायचं, एवढं मला येतं. त्यांची ती जुनी गोष्ट आठवली, चाकावरच्या हाताची. मी परत आले, त्यांच्यासमोर बसले आणि हातोडी उचलली. "भावजी, मला शिकवा," म्हटलं, मोठ्यानं आणि तोंडासमोर. "माझ्या कानाला यातलं काही कळत नाही. टोला मी देते, वीट तुम्ही धरा. हाताला काय लागतं ते मला सांगा." भावजींनी माझ्याकडं पाहिलं. मग माहेरवाशीण बोटांवर तोलून पुढं केली. मी टोला दिला. त्यांनी डोळे मिटले.

"आली," ते म्हणाले.

"काय आली?"

"मुंग्या. पार कोपरापतूर."

मग मी ढिगातली एक वीट दिली. आली. दुसरी दिली. आली. मी परीक्षा घेतल्याशिवाय राहते होय? भट्टीवाल्यानं बाजूला टाकलेल्यांतली एक, बारीक चीर असलेली, गुपचूप हातात ठेवली. मी टोला दिल्याबरोबर म्हणाले, "ही फेका. ही मनगटातच मेली." पैकीच्या पैकी! मी इतक्या विटा ठोकल्या की माझा खांदा दुसऱ्या दिवशी वर उचलेना. बाया हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. एक म्हणाली, "आता बाईच शिकल्या की गं!" ऊन पिवळं होऊन पाण्यावर उतरलं तेव्हा भावजी उठले, पंचा झटकला आणि भट्टीवाल्याला म्हणाले, "भरा टेम्पो. भिंगारला जायाचाय."

टेम्पो भरेपर्यंत भट्टीवाल्यानं चहा दिला. भावजी बशीत फुंकर घालत म्हणाले, "वहिनी, तुमाला कवा कळलं?"

"आत्ताच."

"मला दिवाळीच्या आदीपासनं ठावं हाय. आदी चिमन्या गेल्या. मंग कुकरची शिट्टी."

"जाऊबाईंना माहीत आहे?"

"म्या तिला सांगितलं न्हाई. आन तिला ठावं हाय हे तिनं मला सांगितलं न्हाई."

मी म्हटलं, कानाला मशीन लावा, आजकाल चांगली मिळतात. "लावीन की," ते म्हणाले, "पन मशिनीत समदंच वाजतं. बद्द बी खनखनीत वाजतं. मानसांसाठी लावीन, इटांसाठी न्हाई." मग बशी खाली ठेवली. "लोक इतकी वर्सं माज्या कानाला इचारत आले, वहिनी. मला कुनी इचारलं न्हाई. कान गेला म्हनल्यावर भिती वाटली मला. आता कोन येतंय?" मी त्यांच्या बशीत माझा अर्धा चहा ओतला.

थोड्या वेळानं त्यांनी अगदी हळू विचारलं, "माहेरवाशीन कशी वाजली, सांगा की." मी म्हटलं, "चांगली वाजली." "चांगली म्हंजी? नीट सांगा." आता आली का पंचाईत! मी उभ्या जन्मात कशाचं वर्णन केलेलं नाही. निबंधाचे तास मी शेजारच्या बाईंना देऊन टाकायची. डोकं खाजवून म्हटलं, "तांब्याची भरली घागर ओट्याला लागते ना, तशी वाजली. आणि मग पाण्यावरून पलीकडं गेली. गाढवानं कान टवकारले." भावजींनी डोळे मिटून घेतले आणि असे हसले की चहा निवून गेला तरी त्यांना कळलं नाही.

भिंती भराभर चढल्या. भावजी दर आठवड्याला येत आणि ओल्या गिलाव्यावर तळहात ठेवून उभे राहत. पूर्वेच्या भिंतीवर त्यांचा पंजा उमटला. गवंड्यानं थापी फिरवून पुसला, यांनी पुन्हा उमटवला. शेवटी गवंड्यानं हात टेकले. तो पंजा अजून आहे, मी त्याच्यावर कॅलेंडर टांगू देत नाही. कानाला मशीन आलं, पण ते बहुतेक वेळ सदऱ्याच्या खिशात असतं. आणि विटा पाहायला लोक अजून येतात, बरं का. आता पुणतांब्याहून आधी मला फोन येतो. मी त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर पदर खोचून बसते. टोला माझा, हात त्यांचा. काम झालं की प्रत्येक विटेचा आवाज त्यांना सांगावा लागतो, आणि नुसतं खणखणीत म्हटलेलं चालत नाही.

अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी आम्ही राहायला आलो. वास्तुशांत झाली. नव्या घरात दूध उतू घालवायचं असतं. मी गॅस पेटवायला निघाले तर भावजी आडवे आले. "इटांचं घर, आन दूध ग्यासवर? ईट मांडा." मागच्या अंगणात दोन विटा ढिगातल्या मांडल्या. तिसरी म्हणून भावजींनी पिशवीतून माहेरवाशीण काढून ठेवली. जाऊबाई म्हणाल्या, "आवो, तिला कशाला जाळात घालता?" "तिला बी मान नको का?" भावजी म्हणाले. गोवऱ्या पेटल्या, धूर वर गेला, पितळी पातेल्यात दूध हळूहळू फुगत आलं. सगळे गोल करून उभे. दूध पूर्वेकडून उतू गेलं आणि त्या तापलेल्या विटेवरून खाली उतरलं.

तडकन आवाज झाला.

मी ऐकला, मालकांनी ऐकला, जाऊबाईंनी ऐकला आणि तोंडावर पदर धरला. एकटे भावजी टाळ्या वाजवत होते. "पूर्वेला गेलं! पूर्वेला गेलं!" लहान मुलासारखा आनंद. नैवेद्य झाला, पंगती उठल्या, विस्तव विझला. भावजींनी माहेरवाशीण उचलून आणली, ओल्या फडक्यानं काजळी पुसली, आणि ओट्यावर माझ्यासमोर येऊन बसले. वीट बोटांवर तोलून हातोडी माझ्या हातात दिली.

"द्या टोला. बगू, नव्या घरात कशी वाजती."

जाऊबाई दाराशी उभ्या होत्या. मी टोला दिला. ठप्प. लाकडावर मारावं तसा आवाज. आयुष्यभर मी मुलांना शिकवलं की चुकीच्या उत्तराला अर्धा गुणही देऊ नये. मी म्हटलं, "खणखणीत, भावजी. घागर ओट्याला लागते ना, तशीच. कंपाउंडच्या पलीकडं गेला आवाज."

भावजींनी डोळे मिटले नाहीत. त्यांची पाच बोटं विटेखाली तशीच होती. ज्या हाताला नदीकाठी बारीकशी चीर कळली होती तोच हा हात. त्यांनी एकदा जाऊबाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"व्हय," ते म्हणाले. "खनखनीत हाय."

मग त्यांनी टॉवेल पसरला, वीट त्याच्यात नीट गुंडाळली आणि पिशवीत न ठेवता जाऊबाईंच्या हातात दिली.